पाठ आणि देखावा : मराठी संकेतपृष्ठांचे साध्या मजकुरातील वाचन

प्रस्तावना

संकेतपृष्ठ ही पाहण्याची वस्तू आहे की वाचण्याची, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. मराठीच्या बाबतीत मात्र तो पाठचिकित्सेचा प्रश्न ठरतो. संगणकाच्या पडद्यावर एखादे मराठी पान रंग, चित्रे, चौकटी आणि सुबक अक्षरे यांसह उघडले म्हणजे आपण ते वाचले असे मानतो. तेच पान नोटपॅड, व्हिम किंवा ईमॅक्स यांसारख्या मजकूर-संपादकात, म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये, निव्वळ मजकूर म्हणून उघडले तर तीन प्रकारचे अनुभव येतात. कधी ते पान पूर्वीपेक्षा स्वच्छ वाचता येते, कधी रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग समोर येतो, तर कधी काहीच दिसत नाही. हा फरक कशामुळे पडतो आणि त्यावरून त्या पानाविषयी कोणता निर्णय देता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचाराचे निमित्त अगदी साधे आहे. २००३-०४ च्या सुमारास श्रीरामपुरातील एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून प्रस्तुत लेखकाने एका मराठी दैनिकाच्या साहित्यविषयक पुरवणीतील काही लेख फ्लॉपीवर उतरवून घेतले होते. पदव्युत्तर वर्गाला शिकवताना ते उपयोगी पडतील, असा हेतू होता. पुढे त्या फायली फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर आल्या. अलीकडे त्या मजकूर-संपादकात उघडल्या, तेव्हा त्यांत मराठीचे एकही अक्षर नव्हते. लहान-मोठी रोमन अक्षरे, कंस आणि चलनांची चिन्हे यांची सरमिसळ तेवढी होती. फायली खराब झालेल्या नव्हत्या. त्यांतील एकही बाइट गहाळ नव्हता. ज्या फॉन्टमुळे ती अक्षरे मराठी दिसत होती, तो फॉन्ट मात्र सोबत आलेला नव्हता. वीस वर्षे जपून ठेवलेली वस्तू मराठी मजकूर नसून मराठीचा देखावा होती, हे त्या दिवशी कळले.

मजकूर-संपादकातील वाचन ही संगणकतज्ज्ञांची हौस समजली जाते. ती मराठी संकेतपृष्ठांची एक कठोर आणि उपयुक्त कसोटी आहे, तसेच या कसोटीलाही स्वतःच्या मर्यादा आहेत, अशी मांडणी येथे करावयाची आहे.

१. वाचन आणि लेखन यांची फारकत

युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हा तो एकाच वेळी वाचनाचे आणि लेखनाचे साधन होता. ज्या खिडकीत पान वाचायचे, त्याच खिडकीत ते दुरुस्तही करता येत असे. हा कार्यक्रम केवळ नेक्स्ट या संगणकावर चालत असल्याने निकोला पेलो या विद्यार्थिनीने १९९१ मध्ये कोणत्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा, ओळीमागून ओळ केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर लिहिला. १९९२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात लिंक्स हा मजकूरप्रधान ब्राउझर आकाराला आला. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील मोझेइकने मजकुराच्या ओघातच चित्र दाखवण्याची सोय लोकप्रिय केली. पुढे वाचनाचे साधन आणि लेखनाचे साधन वेगळे झाले. वाचक प्रेक्षकाच्या जागी बसला.

ही फारकत न मानणारी एक परंपरा टिकून राहिली. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्स या १९८५ पासून उपलब्ध असलेल्या मजकूर-संपादकात संकेतपृष्ठे वाचण्याची साधने नव्वदच्या दशकातच तयार झाली. विल्यम पेरी यांचे डब्ल्यू-थ्री हे त्यांपैकी एक होय. २०१४ मध्ये आलेल्या ईमॅक्सच्या २४.४ या आवृत्तीत ईडब्ल्यूडब्ल्यू हा छोटा ब्राउझर अंगभूतच देण्यात आला. त्याची कार्यपद्धती समजण्यास सोपी आहे. तो पान मागवतो आणि त्यातील एचटीएमएल खुणा वाचून शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, दुवा कोणता हे ठरवतो. पानासोबत आलेल्या जावास्क्रिप्ट आज्ञावली तो चालवत नाही. उरलेला मजकूर तो संपादकाच्या नेहमीच्या पटावर मांडतो. या मजकुरात शोध घेता येतो, त्यातील उतारा उचलून शेजारच्या खिडकीतील स्वतःच्या टिपणात ठेवता येतो. वाचणारा आणि लिहिणारा हात पुन्हा एका कागदावर येतो. पोथीच्या समासात टिपा लिहिणाऱ्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटणार नाही.

येथे दोन प्रकारच्या वाचनांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात पानाचे मूळ संकेतलेखन, म्हणजे सर्व खुणांसह असलेला सोर्स, उघडला जातो. दुसऱ्या प्रकारात त्या खुणांचा अर्थ लावून उरलेला मजकूर वाचला जातो. पोथीच्या भाषेत बोलायचे तर पहिल्यात आपण कागद, शाई आणि लेखनिकाचा हात तपासतो, तर दुसऱ्यात संहिता वाचतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याच्या कामी अनेक दशके या दोन्ही प्रकारच्या वाचनांची शिस्त पाळली. संकेतपृष्ठांच्या बाबतीत मात्र मराठी अभ्यासकांनी ही शिस्त अद्याप अंगी बाणवलेली नाही.

२. फॉन्टयुग : लिपीचा आभास

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रे आणि संस्था महाजालावर आल्या. त्या वेळच्या संगणकात एका अक्षरासाठी आठ बिटांची, म्हणजे २५६ घरांची व्यवस्था असे आणि त्यांतील निम्मी घरे रोमन लिपीने व्यापलेली असत. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्य झाले होते आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारलेली साधनेही बनवली होती. परंतु ब्राउझरांना इस्की वाचता येत नव्हते. त्यामुळे प्रकाशकांनी जवळचा मार्ग पत्करला. फॉन्टमधील रोमन अक्षरांच्या घरांत काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवले. संगणकाच्या दृष्टीने ते रोमनच राहिले, पडद्यावर मात्र मराठी दिसू लागले.

प्रत्येक फॉन्टनिर्मात्याची घरे भरण्याची पद्धत वेगळी होती. एका फॉन्टमधील ‘क’ दुसऱ्या फॉन्टमध्ये ‘द’ होई, तर तिसऱ्यात निव्वळ एक दांडी उरे. वाचकाकडे तो फॉन्ट नसला तर पान वाचता येत नसे. म्हणून फॉन्ट पानासोबतच पाठवण्याच्या, ‘डायनॅमिक फॉन्ट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धती आल्या. इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक आणि नेटस्केपसाठी दुसरी, अशा त्या होत्या. दोन्ही ब्राउझर आणि त्या दोन्ही पद्धती आज मागे पडल्या आहेत.

अशा पानाचा सोर्स मजकूर-संपादकात उघडला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यातील चिन्हांचा क्रम उच्चाराचा नसून लेखणीचा असतो. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवलेला असतो, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. ‘अर्थ’ मधील रफार ‘थ’ नंतर येतो, कारण तो त्याच्या डोक्यावर काढला जातो. म्हणजे येथे शब्द साठवलेला नसून शब्दाचे चित्र कसे काढायचे याची कृती साठवलेली असते. त्यामुळे अशा मजकुरात शब्द शोधणे, त्यांची अकारविल्हे लावणे किंवा तो एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेणे अवघड होते.

या संदर्भात मराठीच्या इतिहासातील दोन दाखले आठवतात. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळी लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे एक मोठे दालन अभ्यासकांना खुले झाले. सकळी लिपीत अक्षराच्या जागी अक्षर येते. तिची किल्ली एकदा सापडली की ग्रंथामागून ग्रंथ वाचता येतात. दुसरा दाखला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाचा. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेला हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत होता. तेथे रोमन अक्षर मराठी ध्वनीसाठी उघडपणे योजलेले होते. तो संकेत समजून घेणाऱ्या कोणालाही ओव्या वाचता येत होत्या.

फॉन्टयुगातील मजकूर या दोन्हींहून दुबळा ठरतो. त्याची किल्ली एक नव्हती. जितके फॉन्टनिर्माते, तितक्या किल्ल्या होत्या आणि त्या बहुधा खासगी मालकीच्या होत्या. मराठीला रोमन घरांत बसवले, हा त्या काळाचा मूळ दोष मानता येणार नाही, कारण स्टीफन्स यांनीही रोमनच वापरली होती. संकेत सार्वजनिक नव्हता, हा खरा दोष होय. या पानांनी परगावच्या आणि परदेशातील मराठी वाचकाला घरबसल्या आपले वृत्तपत्र मिळवून दिले, हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल. तथापि, त्यांतील फार मोठा भाग आज वाचनीय संहिता म्हणून उरलेला नाही. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहात अशी पाने जतन झाली असली, तरी फॉन्ट हाती नसल्यास तेथेही रोमन ढीगच भेटतो.

३. युनिकोडनंतर : न दिसणारे पाठभेद

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय घरोघरीच्या संगणकात पोचू लागली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि युनिकोडमधील मराठी मजकुराची एक मोठी सार्वजनिक जागा निर्माण झाली. २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून अधिसूचित केले. मराठी विश्वकोशाचे लेखन आज युनिकोडमध्ये वाचता येते. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे शोधता येण्याजोगी झाली आहे. ही पाने मजकूर-संपादकात उघडली तर मराठी मराठीच राहते. फॉन्ट बदलला तरी शब्द बदलत नाही.

युनिकोडने केलेला बदल एका शब्दाच्या आधारे समजावून घेता येईल. ‘श्रीरामपूर’ या नावात डोळ्यांना श्री, रा, म, पू, र अशी पाच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात दहा चिन्हे आहेत : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, र, काना, म, प, दीर्घ उकार, र. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने हे नाव साठवण्यास तीस बाइट लागतात. चिन्हांचा क्रम येथे उच्चाराचा आहे. ‘किती’ मध्ये ‘क’ आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. वेलांटी डावीकडे दाखवणे हे फॉन्टचे काम आहे. अशा रीतीने संहिता आणि तिचे दर्शन यांची कामे वेगळी झाली.

मात्र युनिकोडमुळे पाठाचे सर्व प्रश्न मिटले, असे मानणे चुकीचे ठरेल. ब्राउझरमध्ये सारखे दिसणारे शब्द मजकूर-संपादकात तपासले, तर अनेक ठिकाणी वेगळे निघतात. काही ठळक प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला प्रकार विसर्गाचा. ‘दुःख’ हा शब्द विसर्गचिन्हाने लिहिता येतो आणि अनेक पानांवर तो ‘दु:ख’ असा अपूर्णविरामचिन्ह वापरून लिहिलेला असतो. डोळ्यांना फरक जवळजवळ जाणवत नाही, संगणक मात्र दुसऱ्या रूपाला एक शब्द मानत नाही. दुसरा प्रकार ‘ॲ’ या स्वराचा. त्यासाठी स्वतंत्र चिन्ह युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आले. त्यापूर्वीच्या, आणि नंतरच्याही, पुष्कळ मजकुरात ‘अ’ वर अर्धचंद्र ठेवून तो लिहिलेला आढळतो. तिसरा प्रकार ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील चंद्रकोरीसारख्या रकाराचा, जो ‘ऱ’ या चिन्हानेही साधता येतो आणि ‘र’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही. चौथा प्रकार ओवीच्या शेवटच्या दंडाचा. त्यासाठी कोणी देवनागरी दंड वापरतो, कोणी कळफलकावरील उभी रेघ. एका रूपाने शोध घेतल्यास दुसऱ्या रूपातील उल्लेख हाती लागण्याची खात्री नसते. अभ्यासक मात्र ‘उल्लेख नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

हे भेद किरकोळ वाटतील. परंतु पाठचिकित्सेचा इतिहास अशाच किरकोळ भेदांवर उभा आहे. श्रीरामपूरपासून फार दूर नसलेल्या नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब आजही तेथे आहे. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून तिची प्रत शुद्ध केली. लेखनिकांच्या हातून झालेले भेद एकनाथांना निदान डोळ्यांनी दिसत होते. आजच्या पाठभेदांचे वैशिष्ट्य असे, की ते डोळ्यांना दिसत नाहीत. मजकूर-संपादकात चिन्ह न् चिन्ह तपासले तरच ते हाती लागतात.

उलट, ब्राउझरने मोडलेला पाठ मजकूर-संपादक कधी कधी सावरूनही दाखवतो. एचटीएमएलच्या नियमानुसार सोर्समधील ओळीची मोड स्वतंत्र खूण दिल्याशिवाय ब्राउझरमध्ये उमटत नाही. अनेक मोकळ्या जागांचीही एकच होते. त्यामुळे ओवीचे चार चरण वेगवेगळ्या ओळींत टंकित केलेले असूनही पडद्यावर गद्याप्रमाणे सलग वाहताना दिसतात. सोर्स उघडला की ते चरण जागच्या जागी सापडतात. टंकलेखकाची ओवीची जाण शाबूत होती, पान मांडणाऱ्याची नव्हती, एवढा निर्णय त्यावरून खात्रीने देता येतो.

४. पाठावरील ओझे

युनिकोडमुळे पाठ मिळाला; पुढे त्यावर इतर गोष्टींचे ओझे वाढत गेले. एक हिशेब उद्बोधक ठरेल. सुमारे अडीच हजार शब्दांचा मराठी लेख यूटीएफ-८ मध्ये साधारण ४५ किलोबाइट जागा घेतो. दूरध्वनीवरून चालणाऱ्या ५६ किलोबिट वेगाच्या जुन्या जोडणीवर तो सहा-सात सेकंदांत उतरला असता. त्याच लेखाचे आजचे पान चित्रे, जाहिराती आणि आज्ञावली धरून दोन मेगाबाइटचे असेल, तर त्याच जोडणीला जवळपास पाच मिनिटे लागली असती. जोडण्या वेगवान झाल्या म्हणून हा भार जाणवत नाही. परंतु गावाबाहेरच्या वस्तीवर मोबाइलची एखादीच रेघ मिळवून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला तो आजही जाणवतो.

भारापेक्षा गंभीर बाब रिक्त पानांची आहे. अलीकडची काही पाने अशी रचलेली असतात, की मूळ पानात मजकूर नसतोच. ब्राउझरने आज्ञावली चालवल्यानंतर तो दुसरीकडून मागवला जातो. मजकूर-संपादकात अशा पानाच्या जागी ‘जावास्क्रिप्ट सुरू करा’ एवढीच सूचना उरते. काही ठिकाणी लेखाऐवजी लेखाचे छायाचित्र चढवलेले असते आणि मजकूर-संपादकात त्याच्या जागी केवळ फायलीचे नाव दिसते. फॉन्टयुगातील पानात निदान किल्ली शोधून उकलता येईल असे काहीतरी होते. या पानांत तेवढेही नसते.

याची झळ सर्वांत आधी दृष्टिबाधित विद्यार्थ्याला बसते. एनव्हीडीएसारखी मुक्त पडदावाचक प्रणाली पानाचा देखावा वाचत नाही. ती मजकूर-संपादकाप्रमाणेच त्यामागील संहिता वाचते. युनिकोडमधील मराठी ती उच्चारू शकते. जुन्या फॉन्टमधील लेख मात्र तिच्या तोंडून निरर्थक रोमन अक्षरांची माळ होऊन बाहेर पडतो आणि लेखाच्या छायाचित्रापाशी ती थांबते. त्यामुळे पान साध्या मजकुरात वाचता येते का, हे पाहणे म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या जागी बसून पाहणे होय. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या कसोटीचे महत्त्व येथेच सर्वाधिक आहे.

५. साध्या मजकुराच्या मर्यादा

साधा मजकूर म्हणजेच सत्य आणि मांडणी म्हणजे केवळ अलंकार, अशी भूमिका काही संगणकप्रेमी घेतात. ती स्वीकारता येत नाही. साध्या मजकुराची कल्पनाच मुळात रोमन टंकलेखन यंत्राच्या सवयीतून आलेली आहे. प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचे एक घर, हे तिचे गृहीतक. ‘ष्ट्य’ आणि ‘र’ यांना सारखे घर देता येत नाही. म्हणूनच टर्मिनलच्या खिडकीत देवनागरी अनेकदा मोडते, वेलांट्या सुटतात आणि जोडाक्षरे विलग होतात. ईमॅक्सनेही २००९ मधील २३ व्या आवृत्तीत आपली अंतर्गत रचना युनिकोडवर आणली, त्यानंतरच त्यातील बहुभाषिक वाचन सुकर झाले.

दुसरी मर्यादा मराठीच्या अक्षरवळणाची. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयाने अधोरेखित केली. युनिकोडमध्ये मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांना एकच स्थान आहे. वळण ठरवण्याचे काम फॉन्ट करतो. पानाची भाषा मराठी असल्याची खूण सोर्समध्ये दिलेली असेल, तर तशी सोय असलेला फॉन्ट मराठी वळण निवडू शकतो. अनेक मराठी पानांत ही खूण नसते, किंवा भाषा इंग्रजी असल्याची खूण तशीच राहून गेलेली असते. साधा मजकूर हाती घेणाऱ्या वाचकाच्या हातून ही खूण आणि तिच्यासोबत वळणही निसटते. सोर्स पाहणाऱ्यालाच हा दोष सापडतो. साध्या मजकुराचे दोन्ही प्रकार जोडीने वापरावे लागतात ते यासाठी.

तिसरी मर्यादा मांडणीच्या अर्थाची. बाजार समितीच्या दरपत्रकात कांद्याची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर हे स्तंभ एकमेकांशेजारी असतात म्हणूनच त्यांना अर्थ असतो. साध्या मजकुरात स्तंभ विसकटले की कोणता आकडा कशाचा, हे कळेनासे होते. कवितेच्या बाबतीत तर दृश्यरूप हाच आशय असू शकतो. अक्षराच्या दृश्यरूपाचा कवितेत शोध घेणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीच विंडोजमधील मंगल हा देवनागरी फॉन्ट रचला. अक्षराचे रूप आणि अक्षराची संहिता या दोन्हींशी निष्ठा राखता येते, याचे हे मराठीतील मोठे उदाहरण आहे. मजकूर-संपादकात अशी दृश्यकविता उघडून ‘येथे काही नाही’ असा शेरा मारणे म्हणजे कसोटीचा दुरुपयोग होय.

चौथी मर्यादा साधनाचीच आहे. अनेक वर्षे विंडोजमधील नोटपॅड फाइल जतन करताना एएनएसआय ही जुनी पद्धत गृहीत धरत असे. त्याने दिलेल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून मराठी मजकूर जतन केला, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटे आणि मूळ मजकूर कायमचा जाई. २०१९ पासून नोटपॅडने यूटीएफ-८ ही पद्धत गृहीत धरण्यास प्रारंभ केला. तेव्हा मजकूर-संपादक हे निरपेक्ष भिंग नव्हे. त्याच्याही सवयी मजकुरावर उमटतात, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

६. आपली नियतकालिके

ही कसोटी इतरांच्या पानांना लावताना ती स्वतःच्या लेखनाला न लावणे अप्रामाणिक ठरेल. महाविद्यालयांच्या शोधपत्रिकांनी मराठी शोधनिबंध मागवताना अमुक फॉन्ट आणि अमुक आकार अशी अट घालण्याची प्रथा दीर्घकाळ पाळली. तो फॉन्ट बहुधा युनिकोडपूर्व पद्धतीचा असे. अंक छापून झाला की त्याची पीडीएफ प्रत संकेतस्थळावर ठेवली जाई. पडद्यावर ती प्रत निर्दोष दिसते. तिच्यातील एक परिच्छेद उचलून मजकूर-संपादकात ठेवला, की रोमन ढीग समोर येतो. काही वेळा फॉन्ट युनिकोडचा असूनही पीडीएफ तयार होताना जोडाक्षरे तुटतात, कारण पीडीएफमध्ये मुख्यतः अक्षरांची रूपे साठवली जातात.

याचे परिणाम केवळ तांत्रिक नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक झाले आणि शोधगंगा या भांडारात मराठी प्रबंधही जमा होऊ लागले. २०१८ च्या नियमावलीने वाङ्मयचौर्य तपासणी बंधनकारक केली. ही तपासणी करणारी आज्ञावली मजकुराची मजकुराशी तुलना करते. ज्या प्रबंधाचा मजकूर तिला मराठी म्हणून वाचताच येत नाही, त्यात तिला साम्य आढळणार तरी कसे? अशा प्रबंधाच्या अहवालातील अल्प साम्य हे मौलिकतेचे प्रमाण मानता येत नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या अध्यापकाने प्रामाणिकपणे वर्षानुवर्षे संशोधन केले, त्याचा निबंध जुन्या फॉन्टमध्ये अडकल्यामुळे कोणत्याही शोधात सापडत नाही. त्याचे काम दुसऱ्याने पुन्हा केले, तरी पहिल्याचे नाव पुढे येत नाही. अपप्रामाणिकाला आडोसा आणि प्रामाणिकाला विस्मृती, असा हा दुहेरी अन्याय आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने प्राचीन ग्रंथांच्या जतनाची चर्चा झाली, ती योग्यच आहे. परंतु १९९५ ते २०१० या काळात आपण स्वतः लिहिलेले मराठी संशोधन सकळी लिपीतील पोथीपेक्षाही दुर्बोध अवस्थेत पडून आहे, याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. या काळातील मजकुराची उकल करण्यास राजवाड्यांच्या प्रतिभेची गरज नाही. जुन्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणारा माणूस मात्र हवा, आणि असा माणूस मराठी विभागाइतका दुसरीकडे मिळणार नाही. ज्यांच्याकडे मूळ फायली आणि फॉन्ट आहेत असे अध्यापक निवृत्त होत आहेत, हे लक्षात घेता या कामाला फार विलंब परवडणारा नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की संकेतपृष्ठ मजकूर-संपादकात साध्या मजकुराच्या रूपात वाचणे ही मराठीसाठी पाठचिकित्सेची एक पद्धत आहे. फॉन्टयुगातील पानांत देखावा होता आणि पाठ नव्हता, हे या पद्धतीने सिद्ध करता येते. युनिकोडमधील पानांत पाठ आहे, पण त्यात न दिसणारे भेद शिरले आहेत, हेही तिच्यामुळे कळते. आजच्या काही पानांत पाठ पुन्हा आज्ञावलीच्या किंवा छायाचित्राच्या मागे जात आहे, याची सूचनाही ती देते. अक्षरवळण, कोष्टक आणि दृश्यकविता यांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. तेथे तिचा निर्णय अंतिम मानू नये.

शोधपत्रिकांच्या संपादक मंडळांसाठी यातून एक साधी कृती सुचवता येते. अंक संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी त्याचे कोणतेही एक मराठी पान निवडावे, त्यातील मजकूर नोटपॅडमध्ये उतरवावा आणि त्यात ‘श्रीरामपूर’ किंवा त्या पानावर असलेले दुसरे कोणतेही गावाचे नाव शोधून पाहावे. नाव सापडले तर अंक वाचकाच्या हाती देण्यास योग्य आहे. सापडले नाही, तर तो पुन्हा मुद्रकाकडे पाठवावा. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.